कोड बरोबर, पिन बरोबर, तरी व्हॉइसमेल उघडत नाही: घरच्या इंटरनेट फोनचं नेहमीचं दुखणं

अमेरिकेतल्या मराठी घरांत लँडलाइन अजून टिकून आहे, आणि त्याला कारणं आहेत. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना मोबाइलपेक्षा हातात रिसीव्हर बरा वाटतो. शाळेच्या आणि डॉक्टरच्या फॉर्मवर सगळ्या घराचा मिळून एक नंबर देता येतो. शिवाय ९११ला फोन लावला तर पत्ता आपोआप कळतो (तो कधी कळत नाही, ते पुढे येईलच). ही लँडलाइन आता बहुतेक घरांत तांब्याच्या तारेवर चालत नाही. राउटरशेजारी पडलेल्या एका डबीतून, म्हणजे अडॅप्टरमधून, किंवा केबल कंपनीच्या मोडेममधून ती इंटरनेटवर जाते. तक्रारीही ठरलेल्या. ‘स्टार ९८ दाबलं की काहीच होत नाही.’ ‘पिन बरोबर टाकतोय तरी चुकीचा म्हणते.’ ‘पुण्याहून फोन केला की रिंग न होता थेट व्हॉइसमेल.’ ‘दिवा लुकलुकतो, आत मेसेज एकही नाही.’

कस्टमर केअरला फोन केला की ते आधी मोडेम बंद करून चालू करायला लावतात. त्याने एखादा दिवस बरा जातो, म्हणूनच हे दुखणं पुन्हा पुन्हा येतं.

तुम्ही दाबलेला आकडा हँडसेटमधून अडॅप्टरमध्ये जातो, तिथून राउटरमध्ये, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर. येणारा फोन याच वाटेने उलटा येतो, आणि मध्येच मोबाइलकडेही वळवलेला असू शकतो. यातला प्रत्येक जण आकडे गिळू शकतो किंवा फोन पळवू शकतो. कोड चुकलेला असतो क्वचितच. तो वाटेत कुणीतरी खाल्लेला असतो. कोणी खाल्ला हे एकदा कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन मिनिटांची असते.

आधी कोड तुमच्याच कंपनीचा आहे ना, ते बघा

व्हॉइसमेलचा सगळीकडे चालणारा एक कोड नाही. एक्सफिनिटीच्या घरच्या फोनवर *९९, व्होनेजवर *१२३, एटी अँड टीवर *९८. अ‍ॅस्टरिस्कवर (हे फोन सर्व्हरचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या बऱ्याच सेवांमध्ये *९७ दाबलं की स्वतःची पेटी उघडते आणि *९८ दाबलं की आधी पेटीचा नंबर विचारतात. गूगल व्हॉइसमध्ये स्टार कोडची भानगडच नाही. आपल्याच नंबरला फोन लावायचा, आणि दुसऱ्या कुठल्या फोनवरून लावला असेल तर ग्रीटिंग चालू असताना स्टार दाबून पिन द्यायचा. शेजाऱ्याने सांगितलेला कोड त्याच्या कंपनीचा असतो, हे लोक विसरतात.

कंपनी बदलून नंबर तोच ठेवला असेल तर कॉर्डलेस फोनवरचं ‘मेसेज’ बटण तपासा. त्या बटणामागे जुन्या कंपनीचा कोड साठवलेला असतो आणि तो आपोआप बदलत नाही. जुन्या पेटीतले मेसेजही नव्या कंपनीकडे येत नाहीत. नंबर हलतो, पेटी मागेच राहते. कुणाचा जपून ठेवावा असा आवाज त्यात असेल तर नंबर हलवायच्या आधी उतरवून घ्या.

डबी कोड गिळते

कंपनीने दिलेला बंद डबा असेल तर हा भाग सोडून द्या, त्याच्या आत तुम्हाला जाता येत नाही. पण स्वतः अडॅप्टर विकत घेऊन स्वस्तातली सेवा जोडली असेल, आणि आपल्यातल्या आयटीवाल्यांनी हेच केलेलं असतं, तर पहिला संशयित ही डबीच.

सिस्को एसपीए११२ किंवा त्याच घराण्यातले जुने लिंक्सिस अडॅप्टर घ्या. यांच्यात स्टार कोडची एक आख्खी यादी कारखान्यातूनच भरलेली येते. *६९ म्हणजे शेवटच्या नंबरला परत फोन, *७२ म्हणजे कॉल फॉरवर्ड, *७८ म्हणजे डू नॉट डिस्टर्ब. त्याच यादीत *९८ हा कोड ब्लाइंड ट्रान्सफरला दिलेला आहे आणि *९९ मोडेमसाठीच्या एका सेटिंगला. म्हणजे तुमच्या कंपनीचा व्हॉइसमेल *९८वर असेल, तर तुम्ही कितीही वेळा दाबा, तो कोड घराबाहेर पडतच नाही. डबीला वाटतं, तुम्हाला चालू कॉल दुसरीकडे द्यायचाय. मग नुसता टोन ऐकू येतो नाहीतर फास्ट बिझी. कंपनीला विचारलं तर ते म्हणतात, ‘आमच्याकडे तुमचा कॉल आलेलाच नाही.’ त्यांचंही खरंच असतं.

उपाय सोपा आहे. फोन उचलून चार वेळा स्टार दाबा, मग ११० आणि पाउंड (#). डबी स्वतःचा आयपी पत्ता वाचून दाखवते. तो ब्राउझरमध्ये टाका, अ‍ॅडमिन म्हणून आत जा, रीजनल नावाच्या पानावर ‘व्हर्टिकल सर्व्हिस अ‍ॅक्टिव्हेशन कोड्स’ शोधा आणि ब्लाइंड ट्रान्सफरसमोरचा *९८ पुसून टाका. घरच्या फोनवर ब्लाइंड ट्रान्सफर कोणी करत नाही, चौकट रिकामी राहिली तरी चालते. *९७ची सोय असेल तर एवढंही करायची गरज नाही.

दुसरी मेख डायल प्लॅनमध्ये आहे. किती आकडे आले की नंबर पूर्ण झाला समजायचं, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. याच अडॅप्टरच्या मूळ प्लॅनमध्ये स्टारपुढे दोनच एक्स आहेत, म्हणजे स्टार आणि पुढे दोन आकडे. आता तुमचा कोड *१२३ असला तर? डबी *१२ झाल्याबरोबर लाइन पाठवून देते, तुमचं बोट ३वर पोचायच्या आत. स्टारपुढे तीन एक्स असलेला एक तुकडा उभी रेघ देऊन जोडला की काम होतं.

ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०१ किंवा एचटी८०२मध्ये स्टारपुढे कितीही आकडे चालतात, त्यामुळे हा त्रास सहसा होत नाही. तिथे ‘एनेबल कॉल फीचर्स’ असा एक पर्याय आहे. तो चालू असला की *७२, *७८ वगैरे डबीच सांभाळते, बंद केला की सगळे स्टार कोड कंपनीकडे जातात. दोन्ही पद्धती ठीक आहेत, फक्त कोड नक्की कोण सांभाळतंय हे तुम्हाला ठाऊक हवं. या डबीत तीन वेळा स्टार आणि मग ०२ दाबलं की आयपी पत्ता ऐकू येतो.

पिन बरोबर, तरी ‘इनव्हॅलिड पासवर्ड’

व्हॉइसमेल उघडला, बाईंनी पिन विचारला, तुम्ही दिला, आणि त्या म्हणतात चुकीचा. वेबसाइटवर जाऊन पिन बदलला तरी तेच. इथे पिनचा काही दोष नसतो. आकडे पोचताना मोडतोड होते.

फोनचं प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर वाजवतं. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. तांब्याच्या तारेवर हे सूर जसेच्या तसे पोचत. इंटरनेट फोनवर आवाज आकड्यांत बदलून तुकड्यातुकड्याने जातो, आणि बँडविड्थ वाचवायला म्हणून जी.७२९सारखा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) लावला असेल तर तो सेकंदाला ८ किलोबिटमध्ये बसवण्यासाठी दाबला जातो. हा कोडेक माणसाच्या आवाजासाठी बेतलेला आहे. बोलणं कळण्यापुरतं नीट येतं, पण बटणांचे सूर वेडेवाकडे होतात आणि पलीकडच्या यंत्राला ५ कळतच नाही. यावरचा मार्ग म्हणजे सूर आवाजात न पाठवता, ‘५ दाबलं’ असा निरोप वेगळा पाठवणं. त्याचं मानक २००० साली आलं, आरएफसी २८३३. २००६मध्ये त्याच्या जागी ४७३३ आलं, पण अडॅप्टरच्या मेनूत अजून २८३३च लिहिलेलं दिसतं. डीटीएमएफच्या (बटणांच्या सुरांच्या) सेटिंगमध्ये तेच निवडा, आणि कोडेकच्या यादीत जी.७११ वर आणा. त्याला वरखर्च धरून एका दिशेला नव्वदच्या आतबाहेर किलोबिट लागतात. आजच्या घरच्या इंटरनेटला ते जाणवणारही नाही. जी.७२९ धरून बसायचे दिवस गेले.

उलटा प्रकारही होतो. डबी निरोपही पाठवते आणि सूरही जाऊ देते. मग पलीकडे एक आकडा दोनदा मोजला जातो. तुम्ही १२३४ दाबलं, तिथे पोचलं ११२३४. हे ओळखायचं कसं? काही कंपन्या चाचणीसाठी एक नंबर देतात, तिथे दाबलेले आकडे यंत्र परत वाचून दाखवतं. तो नसेल तर सपोर्टला सांगा की ‘माझे डीटीएमएफ आकडे तुमच्या लॉगमध्ये कसे दिसतात ते बघा.’ असं नेमकं विचारलं की पलीकडचा माणूस मोडेम बंद करायला सांगत नाही, वरच्या माणसाकडे देतो.

मधल्या काळात पिन सावकाश दाबा, प्रत्येक बटण जरा धरून, स्पीकर बंद ठेवून. आणि चुकीचे प्रयत्न वाढवू नका. बऱ्याच सेवा काही प्रयत्नांनंतर पेटीला कुलूप लावतात, मग खरा पिनही चालत नाही आणि तुमचा गोंधळ दुप्पट होतो.

पिनचा विषय निघालाच आहे तर: सुरुवातीचा पिन बहुतेक ठिकाणी नंबरचे शेवटचे चार आकडे किंवा तसलंच काही असतं. तो पहिल्या दिवशी बदला. अमेरिकेच्या एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) ग्राहकांना ज्या एका लबाडीबद्दल सावध केलंय ती बघा. चोर सोप्या पिनने पेटीत शिरतो, तुमचं ग्रीटिंग बदलून तिथे ‘येस, येस, ऑपरेटर, आय अ‍ॅक्सेप्ट’ असं काहीतरी रेकॉर्ड करतो, मग परदेशातून तुमच्या नंबरवर कलेक्ट कॉल (ज्याचे पैसे घेणाऱ्याला पडतात) लावतो. ऑपरेटरच्या यंत्राला होकार मिळतो, बिल तुमच्या नावावर. घरच्या फोनवरून पिन न विचारता पेटी उघडायची सोयही बंद ठेवलेली बरी, कारण कॉलर आयडी खोटा दाखवता येतो.

रिंगच नाही, थेट व्हॉइसमेल

या तक्रारीत पहिला प्रश्न एकच: फोन करणाऱ्याला ग्रीटिंग कोणाचं ऐकू आलं? कंपनीच्या बाईंचं, तुमच्या मोबाइलवरचं, की कॉर्डलेसच्या बेसमधल्या आन्सरिंग मशीनचं? ज्याचं ग्रीटिंग, त्याने फोन पळवला. म्हणून तिन्ही ठिकाणी वेगवेगळं ग्रीटिंग रेकॉर्ड करून ठेवा, ‘हा घरच्या फोनचा व्हॉइसमेल’, ‘हा मोबाइलचा’, असं सरळ. यासारखं निदान दुसरं नाही, आणि फुकट आहे.

कंपनीचं ग्रीटिंग आणि एकही रिंग नाही, तर बहुतेक वेळा डबी सर्व्हरच्या हजेरीपटावर नसते. अडॅप्टर ठरावीक वेळाने सर्व्हरला ‘मी इथे आहे’ असं कळवत असतो, त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. अनेकदा ही मुदत ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असते. पण तुमचा राउटर या बोलण्यासाठी उघडलेलं दार तासभर उघडं ठेवत नाही. काही मिनिटं, कित्येक राउटरवर तर अर्धा मिनिट काही हालचाल नसली की बंद. सर्व्हरला वाटतं डबी जागेवर आहे, कॉल पाठवतो, तो राउटरवर आपटतो आणि व्हॉइसमेलमध्ये पडतो. खूण अशी: घरून बाहेर फोन केल्यावर लगेच मोबाइलवरून घरी फोन लावला तर रिंग होते. अर्धा तास फोनला हात न लावता परत लावला तर थेट व्हॉइसमेल. हे जमून आलं की निदान पक्कं समजा.

अडॅप्टरमध्ये ‘एनएटी कीप अलाइव्ह’ चालू करा, वीस-तीस सेकंदांवर ठेवा, म्हणजे राउटरचं दार उघडं राहतं. रजिस्ट्रेशनची मुदतही पाच मिनिटांवर आणा. राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची एक सोय सापडली तर ती बंद करा. ती मदतीसाठी म्हणून घातलेली आहे, पण पाकिटांतले पत्ते अर्धवट बदलून ठेवते आणि एका बाजूचाच आवाज येणं, मध्येच फोन कटणं असले प्रकार सुरू होतात. आणि घरात कंपनीचा मोडेम-राउटर अधिक तुम्ही आणलेला मेश राउटर असे दोन राउटर एकामागे एक असतील, तर एकाला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता पुढे जोडतो.

इंटरनेटवर शोधलं तर ‘राउटरमध्ये ५०६० पोर्ट उघडा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. जगभरचे स्कॅनर ते पोर्ट, म्हणजे इंटरनेट फोनचं दार, चाचपडत फिरत असतात. उघडं सापडलं की रात्री दोन वाजता फोन वाजतो, कॉलर आयडीवर १०० किंवा १००१ असला नंबर, उचलला तर पलीकडे कोणीही नाही. घाबरायचं कारण नाही, भूतबीत काही नाही, पण म्हाताऱ्या माणसांची झोप जाते. पोर्ट बंद केलं की थांबतं.

आता खास आपल्या घरांतला प्रकार. अमेरिकेतल्या मित्रांचे फोन येतात, फक्त भारतातले येत नाहीत. अशा वेळी रजिस्ट्रेशन वगैरे सोडा, आधी ‘अनॉनिमस कॉल रिजेक्शन’ बघा. रोबोकॉलना वैतागून कोणीतरी *७७ दाबून किंवा वेबसाइटवर खूण करून ते चालू केलेलं असतं. परदेशातून येणाऱ्या कॉलचा नंबर वाटेत गळून पडतो किंवा विचित्र रूपात पोचतो. मग सर्व्हर त्याला निनावी समजून दारातूनच परत पाठवतो किंवा पेटीत ढकलतो. *८७ने किंवा वेबसाइटवरून ते बंद करा. स्पॅम गाळणारी वेगळी सेवा लावली असेल तर तिच्या मंजूर यादीत भारतातले नंबर घाला, आणि कॉल हिस्टरीत ते ज्या रूपात दिसतात त्याच रूपात घाला. कधी पुढे ०११९१ असतं, कधी ९१, कधी नुसते दहा आकडे.

भारतातल्या मंडळींचं आणखी एक: त्यांना व्हॉइसमेलची सवय नसते. इंग्रजी ग्रीटिंग सुरू झालं की ‘लागत नाहीये’ म्हणून ठेवून देतात. पेटीत तीन-तीन सेकंदांचे मुके मेसेज साठतात आणि तुम्हाला वाटतं रेकॉर्डिंग बिघडलंय. ग्रीटिंगची सुरुवात मराठीत करा, ‘आम्ही घरी नाही, टूं वाजल्यावर बोला.’ बहुतेक जण बोलतात.

दोन रिंगनंतर कोण उचलतं?

अमेरिकेत रिंग दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. म्हणजे चौथी रिंग सुरू व्हायला अठरा सेकंद जातात. बेसमधलं मशीन चार रिंगवर उचलणारं असेल आणि कंपनीचा व्हॉइसमेल तीस सेकंदांनंतर घेणार असेल, तर कंपनीच्या पेटीत कधीच काही पडणार नाही. लोक *९८ दाबून रिकामी पेटी ऐकत बसतात आणि मेसेज तिकडे बेसवर. दोन्हींपैकी एक ठेवा. कंपनीचा ठेवायचा तर बेसवरचं मशीन बंद करा.

‘कधी दोन रिंगनंतर उचलतं, कधी चार’ ही तक्रार आली की मशीन ‘टोल सेव्हर’वर आहे असं समजा. नवे मेसेज असले तर दुसऱ्या रिंगला उचलायचं, नसले तर चौथ्या. बाहेरगावाहून फोन करणाऱ्या मालकाला तिसरी रिंग ऐकू आली की ठेवून देता यावा, पैसे पडू नयेत, म्हणून ही युक्ती होती. आता तिचा उपयोग फक्त गोंधळ घालायला.

मोबाइलचा प्रकार जास्त वाईट. घरचा फोन आणि दोघांचे मोबाइल एकदम वाजावेत अशी सोय आपण हौसेने लावतो. त्यातला एक मोबाइल बंद आहे, किंवा त्याचा धनी रेंज नसलेल्या तळघरात सामान घेतोय. त्या मोबाइलचा व्हॉइसमेल क्षणात फोन उचलतो. सर्व्हरच्या लेखी कॉल घेतला गेला, मग तो बाकीच्या रिंग बंद करतो. घरी बसलेल्यांना अर्धी रिंग ऐकू येते आणि संपलं. निरोप बंद मोबाइलच्या पेटीत. रिंगची मुदत कमी करून हे सुटत नाही, कारण बंद मोबाइलवर मुळात रिंग होतच नाही.

याला उपाय आहे तो ‘कन्फर्म कॉल’. मोबाइलवर उचलणाऱ्याने १ दाबलं तरच कॉल त्याला द्यायचा. व्हॉइसमेलला १ दाबता येत नाही, त्यामुळे कॉल घरच्या फोनवर वाजत राहतो. स्वतःचा फोन सर्व्हर चालवणारे वापरतात त्या फ्रीपीबीएक्समध्ये ही सोय आहे, काही कंपन्यांच्या वेबसाइटवरही वेगवेगळ्या नावांनी असते. नसेल तर एकदम वाजवू नका. आधी घर, वीस सेकंदांनी मोबाइल, असं ओळीने लावा.

इंडियाला जाताना *७२ दाबून फोन मोबाइलवर वळवणाऱ्यांसाठी: तो कोड डबीने सांभाळला असेल तर वळवण्याचं काम डबीच करते. घर बंद करताना राउटरची वीज काढलीत की फॉरवर्डही गेलं. वळवायचं तर कंपनीच्या वेबसाइटवरून. भारतातल्या नंबरवर वळवलंत तर तो परदेशी कॉल तुमच्या खात्यातून होतो, लावणाऱ्याच्या नव्हे. त्यापेक्षा व्हॉइसमेल ईमेलवर ध्वनिफितीच्या रूपात येईल असं करून जा. परत आल्यावर *७३ किंवा वेबसाइटवरून बंद करायला विसरलात तर महिनाभर ‘फोन वाजत नाही’ म्हणून मोडेमलाच शिव्या द्याल.

नंबर नुकताच दुसऱ्या कंपनीकडे नेला असेल आणि एकाच मोबाइल कंपनीच्या लोकांचे फोन येत नसतील, तर तुमच्या घरात काही शोधू नका. त्या कंपनीची नोंद अजून जुनीच आहे. नव्या कंपनीला लावणाऱ्याचा नंबर आणि वेळ कळवा, पुढचं त्यांनी बघायचं.

सावकाश डायल करणारे आणि ९११

डायरीत बघून एकेक आकडा लावणारे आजोबा असतील तर ‘फोन भलतीकडेच लागतो’ ही तक्रार खरी असते. वर सांगितलेल्या सिस्कोच्या प्लॅनमध्ये सात आकड्यांचा नंबर पूर्ण मानलेला आहे. सातव्या आकड्यावर तीन सेकंद थांबलं की डबी तेवढाच पाठवते. तसंच शून्य दाबून चष्मा शोधायला गेलं की ऑपरेटरला कॉल. ‘इंटरडिजिट शॉर्ट टायमर’ तीनवरून सहा-सात करा. तुमच्या भागात सात आकडे चालत नसतील तर तो तुकडा काढून टाकला तरी चालेल, कारण ९८८ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू करण्यासाठी २४ ऑक्टोबर २०२१पासून अमेरिकेतल्या ८२ एरिया कोडमध्ये स्थानिक कॉललाही दहा आकडे सक्तीचे झाले, आणि जिथे दोन एरिया कोड एकाच भागात आहेत तिथे ते आधीपासूनच होते. ९११ आणि ९८८ प्लॅनमध्ये आहेत ना, एवढं मात्र बघा.

परदेशी फोनचा ०११ न लावता थेट ९१ने सुरुवात करणाऱ्यांना आवरा. मुंबई २२ किंवा पुणे २० असेल तर नंबर नुसता लागत नाही. पण नातेवाईक दिल्लीत असला, कोड ११, किंवा गुरुग्रामला, कोड १२४, की पहिले तीन आकडे होतात ९११. डबी तिथेच लाइन लावते. असं झालं तर फोन ठेवून पळू नका. ठेवलात तर ते परत फोन करतात किंवा दारात पोलीस पाठवतात. लाइनवर थांबून चुकून लागला असं सांगा, तेवढं पुरतं.

इंटरनेट फोनवर ९११ला दिसणारा पत्ता तुम्ही खात्यात नोंदवलेला असतो. एडिसनहून डॅलसला घर हलवलं, डबी तीच लावली, तर मदत एडिसनच्या जुन्या घरी जाईल. पत्ता बदला. आणि तपासायला ९११ लावू नका. अनेक कंपन्यांकडे ९३३ लावलं की यंत्र नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतं.

रिकाम्या पेटीचा दिवा

राहिला लुकलुकणारा दिवा. पेटीत मेसेज आहे की नाही हे सर्व्हर एका निरोपाने डबीला कळवतो. डबी मग फोनचा दिवा लावते आणि उचलल्यावर अडखळता टोन ऐकवते. ‘पेटी रिकामी झाली’ हा निरोप वाटेत हरवला की दिवा तसाच राहतो. मोबाइलवरून स्वतःला एक नवा मेसेज ठेवा, घरच्या फोनवरून ऐका, पुसा. नवा निरोप जातो आणि दिवा विझतो. टोन साधा आहे पण दिवा तसाच, तर ते कॉर्डलेसच्या बेसचं काम. पॅनासॉनिकच्या केएक्स-टीजी मालिकेत हँडसेटवर पाउंड बटण बीप येईपर्यंत दाबून धरलं की खूण जाते. दर आठवड्याला परत लागत असेल, तर अडॅप्टरमध्ये मेसेजच्या सूचनेसाठी ‘सबस्क्राइब’चा पर्याय आहे, तो चालू करा.